कुरिताला भित्रा म्हणणं आता पुरे

ताकेओ कुरिता हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. यामामोतो माहीत असतो, पर्ल हार्बरमुळे. पण ज्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्रावरच्या लढाया वाचायचं वेड आहे त्यांना कुरिता माहीत असतो आणि तोही एकाच गोष्टीसाठी, की २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपीन्समध्ये लेयटेच्या आखाताच्या तोंडाशी जाऊन, समोर अमेरिकेची दुबळी छोटी जहाजं असताना आणि हाताशी जगातली सगळ्यात मोठी युद्धनौका असताना हा माणूस मागे फिरला. पुढची विशेषणं ठरलेली असतात. भित्रा, कच खाल्ली, ऐनवेळी शेपूट घातली. मी कित्येक वर्षं हे वाचत आलोय आणि दर वेळी ते जास्त खटकतं, म्हणून आता एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

माझं म्हणणं असं आहे की सेनापतीला आपण त्याच्या माणसांच्या मरणावरून मोजतो. जितका शेवट भव्य तितका तो मोठा, आणि ज्याने माणसं परत आणली त्याच्याकडे मात्र पिढ्यान् पिढ्या जाब मागत बसायचं. आपल्याकडेही हे आहेच, मल्हारराव होळकर पानिपतावरून निघून आले यावरून अडीचशे वर्षांनंतरही लोक हमरीतुमरीवर येतात. कुरिताच्या बाबतीत हा भेदभाव फारच उघड दिसतो, कारण त्या दिवशी त्याच जहाजाच्या ब्रिजवर, त्याच्यापासून चार पावलांवर दुसरा एक अ‍ॅडमिरल उभा होता, मातोमे उगाकी. त्याने पुढे दहा महिन्यांनी जे केलं ते सांगताना लोकांचा आवाज हळवा होतो, शेवटचा सामुराई म्हणतात त्याला. त्याच्याकडे येतोच, आधी कुरिता.

जन्म १८८९ चा, मितो गावचा. घराणं विद्वानांचं, आजोबा हिरोशी कुरिता नावाजलेले इतिहासकार. नातू समुद्रावर गेला, १९१० मध्ये नौदल अ‍ॅकॅडमीतून बाहेर पडला आणि पुढची बरीच वर्षं डेस्ट्रॉयरवर, टॉर्पेडोच्या कामात काढली. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत त्याच्या हाताखाली चार क्रूझर होत्या, रात्री अमेरिकन पाणबुडी दिसली म्हणून वळताना मोगामी मिकुमावर आदळली आणि जखमी मिकुमाला नंतर विमानांनी बुडवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्वादलकनालला कोंगो आणि हारुना या दोन बॅटलशिप घेऊन तो किनाऱ्याला लागून गेला आणि एका रात्रीत हेंडरसन फील्ड या अमेरिकन विमानतळाच्या धावपट्टीवर ९०० च्या वर तोफगोळे टाकले, तिथली निम्म्याच्या आसपास अमेरिकन विमानं सकाळपर्यंत भंगार झाली होती. हे उदाहरण मी फार ताणत नाही, कारण १९४२ मध्ये धीट असलेला माणूस १९४४ मध्ये घाबरू शकतो. पण हा ऑफिसात बसून वर चढलेला माणूस नव्हता आणि लढाईचा आवाज त्याला नवा नव्हता, एवढं तरी धरून चालायला हरकत नाही.

आता १९४४ चा ऑक्टोबर. २० तारखेला अमेरिकन जनरल मॅकआर्थरचं सैन्य लेयटे बेटावर उतरलं. जपानने आधीच ठरवून ठेवलेली योजना होती, तिचं नाव शो, म्हणजे विजय. अ‍ॅडमिरल ओझावा उत्तरेकडून उरल्यासुरल्या चार विमानवाहू नौका घेऊन येणार, त्यांच्यावर विमानं जेमतेम शंभरेक, म्हणजे त्या लढायला येतच नव्हत्या, त्या आमिष होत्या, हॉल्सीचं मोठं अमेरिकन आरमार त्यांच्या मागे ओढलं जावं म्हणून. तेवढ्यात दक्षिणेकडून सुरिगाव सामुद्रधुनीतून अ‍ॅडमिरल निशिमुरा आणि मधून सान बर्नार्दिनोतून कुरिता, दोघांनी आखातात घुसून मॅकआर्थरची मालवाहू जहाजं बुडवायची. वरून विमानांचं छत्र जवळपास नाहीच. संयुक्त आरमाराचा प्रमुख तोयोदा याने युद्धानंतरच्या चौकशीत याचं कारण सांगितलंय: फिलिपीन्स गेलं तर दक्षिणेकडून येणारं तेल तुटणार, मग आरमार जपानमध्ये ठेवलं तर इंधन नाही आणि दक्षिणेत ठेवलं तर दारूगोळा नाही, तेव्हा फिलिपीन्स घालवून आरमार वाचवण्यात अर्थ नव्हता. हिशेब म्हणून हे बरोबर वाटतं. पण या हिशेबात जहाजं आहेत, तेल आहे, जहाजावरची माणसं कुठे आहेत? कुरिताच्या ताफ्यातल्या मुसाशी या एकट्या बॅटलशिपवर २,३९९ जण होते.

ब्रुनेईहून निघण्याआधी कुरिताच्या हाताखालचे अधिकारीच कुरकुरत होते, की लढायचं तर शत्रूच्या आरमाराशी लढू, रिकाम्या होत आलेल्या मालवाहू जहाजांसाठी का मरायचं. तेव्हा कुरितानेच त्यांना समजावलं असं सांगितलं जातं, देश बुडत असताना आरमार धडधाकट राहिलं तर ती लाजेची गोष्ट होईल अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. हे मी मुद्दाम लिहितोय कारण मला त्याला संत करायचं नाहीये. तो ही योजना मानून निघाला होता, मनात बंड घेऊन नव्हे.

२३ तारखेला पहाटे पलावानच्या चिंचोळ्या समुद्रात डार्टर आणि डेस या दोन अमेरिकन पाणबुड्यांनी त्याला गाठलं. पहिले टॉर्पेडो त्याच्याच फ्लॅगशिपवर, म्हणजे तो स्वतः ज्या जहाजावर होता त्या आतागोवर. वीस मिनिटांच्या आत ती क्रूझर पाण्याखाली गेली. आता हा प्रसंग जरा डोळ्यांसमोर आणा: पंचावन्न वर्षांचा माणूस, नुकताच डेंग्यूतून उठलेला, अंगात त्राण नाही, आणि पाच बॅटलशिप आणि दहा जड क्रूझरचा सेनापती असूनही उजाडत्या समुद्रात हातपाय मारत पोहतोय, आजूबाजूला त्याच्याच जहाजावरची पोरं, त्यातली साडेतीनशेच्या वर कधीच बाहेर आली नाहीत. किशिनामी नावाच्या डेस्ट्रॉयरने त्याला वर घेतलं. तिकडे माया बुडाली, ताकाओ लंगडी होऊन परत पाठवावी लागली. दुपारनंतर कुरिता यामातोवर, म्हणजे त्या जगातल्या सगळ्यात मोठ्या युद्धनौकेवर चढला, आणि चढला तेव्हा त्याचा कम्युनिकेशनचा निम्मा स्टाफ त्याच्यासोबत नव्हता. पुढच्या दोन दिवसांत रेडिओवर जो घोळ झाला त्याची मुळं इथे आहेत, आणि कुरितावर टीका करणारे हा भाग एका ओळीत उरकतात याचा मला राग येतो. संदेश मिळाला नाही म्हणजे काय, तर संदेश घेणारा माणूसच जहाजावर नव्हता.

२४ ला सिबुयान समुद्रात दिवसभर विमानांचे हल्ले, एकामागून एक पाच लाटा. सगळा मारा मुसाशीवर एकवटला, एकोणीसेक टॉर्पेडो आणि सतराएक बॉम्ब खाऊन संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला ती उलटली आणि हजारावर माणसं गेली. दुपारी कुरिताने एकदा तोंड पश्चिमेकडे फिरवलं, मग तासा-दोन तासांनी पुन्हा पूर्वेकडे. वरून तोयोदाचा संदेश आला की दैवी मदतीवर भरवसा ठेवून सगळ्यांनी हल्ला करा. विमानं मागितली होती, मिळाला तो हा संदेश. तरी तो गेला. मध्यरात्रीनंतर सान बर्नार्दिनोच्या अरुंद वाटेतून एवढं मोठं आरमार एका रांगेत अंधारात बाहेर काढलं, पलीकडे शत्रू दबा धरून बसलेला असेल या तयारीने. पलीकडे कोणीच नव्हतं, हॉल्सी ओझावाच्या आमिषामागे सगळं घेऊन उत्तरेला निघून गेला होता.

पंचवीसला सकाळी पावणेसातच्या सुमाराला सामार बेटासमोर क्षितिजावर डोलकाठ्या दिसल्या. ती होती क्लिफ्टन स्प्रेगची तुकडी, सहा एस्कॉर्ट कॅरियर म्हणजे छोट्या विमानवाहू नौका, तीन डेस्ट्रॉयर आणि चार त्याहून लहान जहाजं. कुरिताला आणि त्याच्या टेहळ्यांना वाटलं या मोठ्या विमानवाहू नौका आहेत, म्हणजे हॉल्सीचं मुख्य आरमार. त्याने सगळ्यांना मोकळं सोडून हल्ल्याचा हुकूम दिला आणि नीट रांग न बांधता दिलेल्या या हुकमाने जो गोंधळ झाला ती त्याची चूक आहे, मी ती नाकारत नाही. समोरून जॉन्स्टन, होएल, सॅम्युएल बी. रॉबर्ट्स ही चिमुकली जहाजं अंगावर धावून आली. त्यांच्या तोफा पाच इंची, यामातोच्या अठरा इंची, तरी टॉर्पेडो सोडत आली. ते टॉर्पेडो चुकवायला यामातो उत्तरेला वळली आणि दोन्ही बाजूंनी समांतर टॉर्पेडो चालत असल्यामुळे दहाएक मिनिटं तशीच उलट्या दिशेला जात राहिली, सेनापतीच लढाईपासून लांब. तिन्ही अमेरिकन जहाजं बुडाली, गॅम्बिअर बे ही कॅरियर बुडाली, पण कुरिताच्याही चोकाई, चिकुमा, सुझुया या तीन जड क्रूझर हातच्या गेल्या. जॉन्स्टनमधून वाचलेल्या काही जणांनी पुढे सांगितलंय की ती बुडत असताना जवळून गेलेल्या जपानी डेस्ट्रॉयरवरच्या अधिकाऱ्याने सॅल्यूट ठोकला होता. हे वाचलं की मला दर वेळी थांबावं लागतं.

सव्वानऊच्या आसपास कुरिताने विखुरलेल्या जहाजांना परत बोलावलं. मग दोन-तीन तास आखाताच्या बाहेर घुटमळला, एकदा आत जायला निघाला, आणि साडेबाराच्या सुमाराला उत्तरेला वळला तो वळलाच. कारण असं सांगितलं की उत्तरेला शत्रूची आणखी एक विमानवाहू तुकडी असल्याचा संदेश आलाय, तिच्याशी लढायला जातो. तो संदेश कोणी पाठवला याचा माग कधी लागला नाही आणि तिथे काहीही नव्हतं.

कुरितावरचा सगळ्यात मोठा आरोप मला पुढे ठेवलाच पाहिजे, कारण तो खरंच जड आहे. आदल्या रात्री सुरिगावमध्ये निशिमुराची सगळी तुकडी कापली गेली होती, यामाशिरो गेली, फुसो गेली, सात जहाजांपैकी एकटी शिगुरे परत आली. त्याच दिवशी उत्तरेला ओझावाच्या चारही विमानवाहू नौका बुडाल्या, त्यात पर्ल हार्बरवर गेलेल्या सहांपैकी शेवटची उरलेली झुइकाकू होती. हे सगळे लोक मेले ते कुरिताला आत जाता यावं म्हणून, आणि कुरिता आत गेलाच नाही. म्हणजे ते फुकट मेले, असा हा आरोप. निशिमुराच्या जहाजावरच्या एखाद्या पोराच्या आईने हे कुरिताला विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही त्या आईसाठी उत्तर नाही.

पण युद्धशास्त्र म्हणून हा युक्तिवाद तपासला तर तो म्हणतो काय? इतके मेले, ते वाया जाऊ नयेत म्हणून अजून इतके मेले पाहिजेत. मग त्यांचंही वाया जाऊ नये म्हणून पुढचे. जपानचं युद्ध १९४४ ते ४५ याच एका तर्कावर चाललं. सायपान बेट अमेरिकेच्या हाती गेलं तेव्हाच शहाण्या माणसांना कळलं होतं की हे संपलंय, तरी पुढे वर्षभर लोक मरत राहिले कारण आधी मेलेल्यांचा मान राखायचा होता.

आणि आत गेला असता तर काय झालं असतं? पहिल्या दोन दिवसांतच लाखाच्या वर अमेरिकन सैन्य आणि डोंगरभर सामान किनाऱ्यावर उतरलं होतं. पंचवीसपर्यंत बरीचशी मालवाहू जहाजं रिकामी होऊन निघूनही गेली होती. काही पन्नासेक जहाजं उभी होती, ती त्याने फोडली असती, किनाऱ्यावर तोफा डागल्या असत्या, मोठा हाहाकार झाला असता हे खरं. पण सुरिगावच्या तोंडाशी ओल्डेनडॉर्फच्या सहा बॅटलशिप होत्या, दारूगोळा कमी झाला असला तरी होत्या, आजूबाजूच्या एस्कॉर्ट कॅरियरवरची शेकडो विमानं होती, आणि हॉल्सी उत्तरेकडून परत फिरला होता. आत गेलेलं एकही जपानी जहाज बाहेर आलं असतं असं मला वाटत नाही. युद्ध काही आठवडे लांबलं असतं फार तर. काही आठवडे लांबणं म्हणजे जपानच्याच शहरांवर आणखी काही आठवडे बॉम्ब, हेही कोणीतरी मोजायला हवं.

कुरिता स्वतः काय म्हणाला, यावर लोक फार खल करतात, कारण त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. १९४५ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांना सांगताना तो उत्तरेकडच्या शत्रूचा, इंधनाचा, हवाई हल्ल्यांचा हिशेब देतो. १९५० च्या दशकात एका जपानी पत्रकाराशी बोलताना कबूल करतो की तीन दिवस झोप नव्हती, डोकं थकलं होतं, निर्णय चुकला असेल. आणि म्हातारपणी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगतो की थकवा वगैरे काही नाही, हरलेल्या युद्धात माझ्या माणसांचे जीव फुकट घालवायचे नव्हते म्हणून फिरलो. टीकाकार म्हणतात बघा, शब्द फिरवतो. मला यात लबाडी दिसत नाही. बहात्तर तास न झोपलेला, समुद्रातून उपसून काढलेला माणूस त्या क्षणी नक्की कुठल्या एका कारणाने वळला हे त्याला स्वतःलाही कळलं नसेल, आणि शिवाय १९४५ च्या काय किंवा १९५४ च्या काय, जपानमध्ये एखाद्या अ‍ॅडमिरलने उघडपणे म्हणायचं की मला माझी पोरं मारायची नव्हती, हे जमलंच नसतं. थकलो होतो हे म्हणणं सोपं होतं. माणसं वाचवायची होती हे म्हणायला त्याला आयुष्य जवळपास संपावं लागलं. तिसरं उत्तर शंभर टक्के खरं आहे असा दावा मी करत नाही, पण तिन्ही खरी असू शकतात.

त्याच्याशेजारी हॉल्सीला ठेवून बघा. त्याच दिवशी हॉल्सीने सान बर्नार्दिनोची वाट उघडी टाकली, एकही जहाज मागे न ठेवता आमिषामागे गेला, आणि त्याची किंमत स्प्रेगच्या पोरांनी भरली, त्यातले बुडालेल्या जहाजांवरचे लोक दोन दिवस शार्क असलेल्या पाण्यात तरंगत होते कारण त्यांना शोधायला कोणी वेळेवर आलं नाही. दोन महिन्यांनी त्याच हॉल्सीने आरमार वादळात नेलं, तीन डेस्ट्रॉयर बुडाल्या, ७९० च्या आसपास माणसं गेली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्याला पाच तारे मिळाले. त्याला उतावळा म्हणतात, आक्रमक म्हणतात, आणि त्यात कुठेतरी कौतुक असतं. पुढे धावत जाऊन माणसं घालवली तर ती चूक, आणि मागे वळून माणसं वाचवली तर तो कलंक. हा न्याय मला कोणीतरी समजावून सांगावा.

आता उगाकी. हा साधा माणूस नव्हता, यामामोतोचा चीफ ऑफ स्टाफ, १८ एप्रिल १९४३ ला बूगनव्हिलवर यामामोतोचं विमान पाडलं गेलं तेव्हा दुसऱ्या विमानात हा होता आणि समुद्रात पडून वाचला. लेयटेला यामातोच्या ब्रिजवर कुरिताशेजारी उभं राहून तो चिडत होता, लढायची धमक दिसत नाही असं त्याच्या डायरीत त्या दिवसाबद्दल आहे. १९४५ मध्ये तो क्यूशूवर पाचव्या हवाई आरमाराचा प्रमुख झाला आणि ओकिनावाच्या लढाईत कामिकाझे, म्हणजे विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळून मरणारे वैमानिक पाठवत राहिला, एक खेप, दुसरी खेप, विशीतली पोरं. कामिकाझेची अधिकृत सुरुवातही कुरिता वळला त्याच पंचवीस तारखेला, त्याच सामारच्या समुद्रात झाली. कुरिताने जहाजं परत बोलावली त्यानंतर दीडेक तासाने युकिओ सेकी या तेवीस वर्षांच्या लेफ्टनंटच्या तुकडीने सेंट लो या कॅरियरवर विमान घातलं आणि ती बुडाली. एकाच समुद्रात, एकाच सकाळी, जपानी नौदलापुढे दोन्ही रस्ते उघडे होते आणि नौदलाने सेकीचा निवडला. सेकीच्या तुकडीची नावं देशभर गाजवली आणि कुरिताला काही आठवड्यांत समुद्रावरून काढून शाळेवर पाठवलं.

१५ ऑगस्ट १९४५ ला दुपारी सम्राटाने रेडिओवर शरणागती जाहीर केली. उगाकीने ते ऐकलं, डायरीचं शेवटचं पान लिहिलं, युनिफॉर्मवरची पदचिन्हं काढून टाकली, यामामोतोने दिलेली छोटी तलवार हातात घेतली आणि ओइता विमानतळावर गेला. त्याने थोडी विमानं सांगितली होती, पण अकरा तयार होती, सगळे कपाळाला पट्टी बांधून उभे. उगाकी ज्या विमानात चढला त्याच्या मागच्या सीटवर एंदो नावाचा वॉरंट ऑफिसर होता, उगाकीने त्याला उतरवून जागा घेतली तर एंदो ऐकेना, तोही आत घुसला, आणि दोघंजण एका सीटवर अंग चोरून बसले. त्याचा फोटो काढलेला आहे. युद्ध संपलं होतं. ज्या सम्राटासाठी मरायचं म्हणत होते त्यानेच थांबा सांगितलं होतं. तीन विमानं इंजिनाच्या बिघाडामुळे मध्येच उतरली, बाकीची गेली, आणि एकाही अमेरिकन जहाजाला काही झाल्याची नोंद नाही. उगाकीला स्वतःला मरायचं होतं तर तो त्याचा प्रश्न होता. पण त्या पोरांना रात्री घरी जाता आलं असतं. ती स्वखुशीने आली असं म्हणतात, तर बावीस-तेवीस वर्षांच्या पोरासमोर त्याचा अ‍ॅडमिरल उभा राहून विचारतो की येणार का, तेव्हा तो नाही कसं म्हणणार?

जहाजासोबत स्वतः बुडणाऱ्या कप्तानांबद्दल मला आदर नाही असं नाही. काही वर्षांपूर्वी दीवला गेलो होतो, माझे मामा सोबत होते, ते नेव्हीतून रिटायर झालेले. तिथे समुद्रासमोर टेकाडावर आयएनएस खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ती बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफजॅकेट एका खलाशाला देऊन टाकलं, स्वतः जहाजावर राहिले. मामा बराच वेळ काचेपाशी उभे होते. मग म्हणाले, कॅप्टन शेवटी उतरतो याचा अर्थ तो आधी बाकीच्यांना उतरवतो, लोक पहिला भाग विसरतात. मुल्ला आणि उगाकी दोघंही मेले, म्हणून दोघांना एका माळेत ओवता येत नाही. एकाने आपलं जॅकेट काढून दिलं, दुसऱ्याने विमानं भरून माणसं सोबत नेली.

आणि कोणी म्हणेल, कुरिताने वाचवून तरी काय मिळवलं, यामातो पुढे बुडालीच की. बुडाली. ६ एप्रिल १९४५ ला तिला ओकिनावाला पाठवलं, वर विमानं नाहीत, परत यायची अपेक्षा नाही. कुरितानंतर त्याच्याच आरमाराचा प्रमुख झालेला सेइची इतो या मोहिमेच्या विरोधात होता, त्याचे कप्तानही विरोधात होते, मग वरून माणूस पाठवून त्यांना पटवण्यात आलं. यामातोवरच्या ३,३०० पैकी ३,००० च्या वर माणसं गेली. पण शेवटी जहाज कलंडायला लागल्यावर इतोने काय केलं ते बघा: मोहीम रद्द केली, उरलेल्या डेस्ट्रॉयरना सांगितलं की पाण्यातली माणसं उचला आणि परत जा, आणि मग तो स्वतःच्या केबिनमध्ये निघून गेला. चार डेस्ट्रॉयर परत आल्या, वाचलेल्यांना घेऊन. तो हुकूम नसता तर त्याही ओकिनावाकडे जात राहिल्या असत्या. इतोला कोणी भित्रा म्हणत नाही, कारण हुकूम देऊन तो मेला. कुरिताने तोच हुकूम पाच महिने आधी दिला आणि तो जगला. मला तर वाटतं, लोकांचा त्याच्यावरचा खरा राग तो वळला याचा नाहीच, तो ८८ वर्षं जगला याचा आहे. युद्धानंतर त्याने दस्तऐवज लिहून देण्याचं काम केलं, मालिश करून देण्याचं काम केलं, मुलीच्या घरी राहिला, क्वचितच बोलला आणि डिसेंबर १९७७ मध्ये गेला.

यामातो निघण्याआधी तिच्यावर काही अगदी नवे कॅडेट आले होते, अ‍ॅकॅडमीतून मार्चअखेर पास होऊन बाहेर पडलेले, युनिफॉर्म कोरे करकरीत. इतो आणि जहाजाचा कप्तान आरुगा यांनी त्यांना निघायच्या आधी उतरायला लावलं. पोरं उतरायला तयार नव्हती, आम्हालाही न्या म्हणून विनवत होती, पण हुकूम हुकूम असतो. उतरवलं त्यांना, आणि ती जगली. ती ज्या एताजिमाच्या अ‍ॅकॅडमीतून आली होती तिचा जानेवारीपासूनचा मुख्य ताकेओ कुरिता होता.